पहाऱ्यावर तो आहे, तुम्ही नव्हे

वाचकाचं पत्र

मला सत्ताविसावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळ. नवरा सैन्यात आहे. मला चौदावा आठवडा होता तेव्हा तो तैनातीवर गेला. परत येईल तोवर बाळ चार महिन्यांचं झालेलं असेल. तो गेल्यापासून मी रोज पहाटे प्रार्थना करते आणि तो सुखरूप यावा म्हणून आठवड्यातून एक दिवस काहीही न खाता उपवास धरते. गेल्या महिन्यात एक दिवस जाग आली नाही, प्रार्थना चुकली, आणि पुढचे चार दिवस त्याचा फोन आला नाही. तिकडचा संपर्कच बंद होता असं नंतर कळलं, पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. त्यातच मागच्या तपासणीत ब्लडप्रेशर १३८/८८ निघालं, डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, त्याला यातलं काही कळवू नकोस, त्याचं लक्ष उडेल. आणि परवा तो फोनवर म्हणाला, मला हल्ली प्रार्थना करावीशीच वाटत नाही. म्हणजे आता सगळं माझ्या एकटीवर आलं. बाळंतपणात माझ्याजवळ कोण थांबणार यावरून आई आणि सासूबाईंची धुसफूस चालू आहे. त्याला थोड्या दिवसांची रजा मिळू शकेल, ती कधी घ्यावी? आणि बाळ त्याला ओळखेल का?
— एक वाचक

ताई,

तुम्ही ब्लडप्रेशरचा आकडा पत्राच्या मध्यावर एका ओळीत उरकलात. आम्ही सुरुवात तिथूनच करतो, कारण बाकीच्या गोष्टींना चार दिवस लागले तरी चालतील, याला नाही.

१३८/८८ हा आकडा काठावरचा आहे. गरोदरपणात १४०/९० ला रेघ मारलेली असते, आणि विसाव्या आठवड्यानंतर ती ओलांडली की डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात प्रेशर वाढण्याच्या गंभीर आजाराची, शंका घेऊन लघवीतलं प्रथिन आणि रक्त तपासतात. घरी मोजताना आकडा चुकतो तो बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, मोजण्याच्या पद्धतीमुळे. आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. चहा-कॉफी घेतली असेल तर अर्धा तास जाऊ द्या. दंड उघडा हवा, बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. हात टेबलावर टेकलेला आणि पट्टा छातीच्या पातळीला. दंड भरलेला असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वर जातो, म्हणून पट्ट्यावर छापलेलं माप आणि दंडाचा घेर एकदा टेपने जुळवून बघा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, आणि वहीत दोन्ही आकडे लिहायचे. चांगला आलेला तेवढाच लिहायचा, असं करू नका. मोजताना फोनवर बोलणं नको, आणि त्याचा फोन येणार म्हणून वाट बघत असाल त्या वेळी तर मोजूच नका.

१४०/९० किंवा वर आलं, तर थोडं थांबून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. १६०/११० आलं तर फोन-बिन नाही, थेट दवाखाना. आकडा बरा असतानाही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा धूसरपणा, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तरी तेच. हा आजार बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही डोकं वर काढू शकतो, म्हणून बाळ झाल्या झाल्या मशीन कपाटात टाकू नका.

आता उपवास. कडक उपवास बंद करा, आणि तो उद्यापासून नाही, आजपासून. गरोदरपणाच्या उत्तरार्धात पोट रिकामं राहिलं की शरीर एरवीपेक्षा फार लवकर चरबी जाळायला लागतं, कारण रक्तातली साखर बाळाकडे सतत जात असते. पाणी कमी पडलं की गरगरतं, पोट वारंवार कडक होतं. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उपवासाच्या दिवशी डोकं दुखलं, तर ते भुकेने दुखतंय की प्रेशरने, हे तुम्ही कसं ओळखणार? जी खूण तुम्हाला सावध करणार, तीच तुम्ही पुसून टाकताय. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि वेळच्या वेळी खाणं, हे सध्या तुमच्या औषधांच्या यादीतलं पहिलं औषध समजा.

“पण मी बोलले आहे ना देवाला,” हे तुमच्या मनात आलं असणार. तुम्ही ज्या परंपरेत वाढलात तिथल्या जाणत्या माणसाला विचारा: गर्भवतीला सूट आहे का, आणि धरलेलं व्रत बदलून घेता येतं का? बहुतेक धर्मांत गर्भवती, आजारी आणि अंगावर पाजणारी आई यांना उपवासातून मोकळीक दिलेली आहे. ते नियम करणारे आपल्यापेक्षा कमी श्रद्धाळू नव्हते. बदल म्हणून काय घ्यायचं, तर ज्याने बाळाच्या पोटाला चिमटा बसत नाही असं काहीही. त्या दिवशी त्याला एक पत्र लिहायचं. किंवा त्याच्याच तुकडीतल्या दुसऱ्या एखाद्या जवानाच्या बायकोला फोन करून तिची विचारपूस करायची. ती पण कुठेतरी पहाटे चारला जागीच असते.

त्या चुकलेल्या पहाटेबद्दल आता. प्रार्थना चुकली आणि फोन बंद झाला, या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, एवढंच खरं आहे. संपर्क बंद होण्याची कारणं तुमच्या अंथरुणापासून फार लांब असतात: तुकडीची हालचाल, हवामान, बिघडलेलं यंत्र, किंवा सुरक्षेसाठी वरून आलेला आदेश. कधी कधी सगळ्यांचेच फोन मुद्दाम बंद ठेवले जातात. तुमच्या प्रार्थनेची हजेरी तिथे कोणी घेत नसतं.

मग मन असं का जोडतं? पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की माणूस शरीराने नाही आणि मनाने घरभर आहे, अशी स्थिती उघड दुःखापेक्षाही जास्त थकवते, कारण तिचा शेवट कधी हे कोणी सांगू शकत नाही. तुमचा नवरा बेपत्ता नाही, त्याचा पत्ता ठाऊक आहे, पण अनिश्चितता त्याच जातीची आहे. अशा वेळी हातात काहीतरी असावं असं वाटतं, आणि हाताशी सापडते ती प्रार्थना. मग हळूहळू ती प्रार्थना राहत नाही, पहारा होतो. आपला डोळा लागला तर त्याला धोका, अशी ती समजूत. ताई, पहाऱ्यावर तो आहे. त्याच्या पहाऱ्याचीसुद्धा पाळी बदलते, दुसरा जवान येतो आणि हा झोपायला जातो. तुम्ही मात्र स्वतःला चौदाव्या आठवड्यापासून सलग उभं केलंय.

म्हणून प्रार्थना सोडू नका, तिची वेळ बदला. पहाटेचा गजर काढून टाका; तुम्हाला सात-आठ तास झोप हवी, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून ती कुशीवर घ्यायची. प्रार्थनेला अशी जागा द्या जी दिवसात आपोआप येते. संध्याकाळची गोळी घेतली की दोन मिनिटं. चुकली तर उद्या. दुप्पट करून भरपाई करायची नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम, कारण भरपाई सुरू झाली की हिशोब सुरू होतो. शब्द सुचले नाहीत तर रागावून बोला. आपल्या संतांनी विठोबाशी इतकं कडाकडा भांडण केलंय की तुमचं चार ओळींचं गाऱ्हाणं त्याला नवीन नाही.

यातच एक वेगळी गोष्ट ओळखून ठेवा. प्रार्थना “नीट झाली नाही” म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, दिवसाचा तासाच्या वर वेळ त्यात जात असेल, आणि नाही केली तर कुणाला तरी इजा होईल ही भीती हटतच नसेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर असे सक्तीचे विचार काही बायकांमध्ये पहिल्यांदा येतात किंवा वाढतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हेच वाक्य सांगा: “प्रार्थना चुकली की त्याला काही होईल असं वाटतं आणि मी झोपत नाही.” एवढं पुरे आहे.

नवऱ्याला प्रार्थना करावीशी वाटत नाही, याला तुम्ही ‘त्याने भार टाकून दिला’ असं समजलात. आम्हाला त्या वाक्यात दुसरं ऐकू येतं: त्याने ते तुम्हाला सांगितलं. घरी गरोदर बायको, मर्यादित मिनिटांचा फोन, आणि त्यात माणूस हे बोलतो, म्हणजे त्याला ते कुणाजवळ तरी ठेवायचं होतं. थकवा, झोपेची मारामार, डोळ्यांसमोर पाहिलेलं काही, किंवा नुसतं कोरडेपण, काहीही असू शकतं. फोनवर त्याला परत श्रद्धेवर आणायला जाऊ नका. “का नाही करत?” ऐवजी “काय झालंय?” असं विचारा, आणि उत्तर आलं नाही तर तिथेच सोडा. बऱ्याच सैन्यांत धर्मगुरू नेमलेले असतात, त्यांच्याकडे जायला भाविक असावं लागत नाही, हे एकदा सहज सांगून ठेवा. झोप न लागणं, चिडचिड, कशातच मन नसणं हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं, तर त्याने तिथल्या डॉक्टरला सांगायला हवं. बाळाच्या आधी आणि नंतर नैराश्य बापांनाही येतं, साधारण दहातल्या एकाला.

दोघांनी मिळून करता येईल असं काही हवं असेल तर एक वेळ ठरवा, दिवसातली दोन मिनिटं, जेव्हा तुम्ही दोघंही जिथे असाल तिथे थांबाल. तुम्ही प्रार्थना करा. त्याने नुसतं बाळाचं नाव मनात घेतलं तरी चालेल, किंवा गप्प राहिला तरी. त्याच्याकडचे किती म्हणजे तुमच्याकडचे किती, हे कागदावर लिहून भिंतीवर लावा. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढेमागे होतं, तेव्हा कागद बदला. आणि त्या वेळेला फोन करायचा नाही, हे आधीच ठरवा. नाहीतर एक दिवस फोन लागणार नाही आणि तुमचं जुनं गणित पुन्हा चालू होईल.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अर्धवट बातमीने त्याचं लक्ष नक्की उडेल. पण लपवल्यानेही उडतं, कारण आवाजावरून त्याला कळतं आणि मग तो सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. आणि उद्या खरंच काही झालं तर “आधी का नाही सांगितलंस?” हा प्रश्न तुमच्या दोघांत कायमचा बसेल. त्यामुळे सांगायचं, पण पूर्ण सांगायचं. काय घडलं, डॉक्टर काय म्हणाले, आत्ता काय चाललंय, पुढची खबर कधी. या चार गोष्टी नसतील तर संदेश पाठवायचाच नाही. असा:

“आज तपासणी झाली. बाळाची वाढ ठीक, ठोके ठीक. माझं प्रेशर १३८/८८, म्हणजे काठावर. गोळी दिलेली नाही, घरी दिवसातून दोनदा मोजायचं. आई सोबत आहे. पुढची तपासणी सोमवारी, निकाल त्याच रात्री लिहीन. नेट नसलं तर मंगळवारी. आज थोडी घाबरले होते. तुझी आठवण आली.”

शेवटची दोन वाक्यं खोडू नका. नुसते आकडे गेले तर तो दवाखान्याचा कागद होतो. याउलट रात्री दोन वाजता पाठवलेलं “बरं वाटत नाहीये रे” आणि मग गेलेली रेंज, हा सगळ्यात वाईट प्रकार. तो पुढचे चार दिवस त्या चार शब्दांशी झुंजत बसतो. रात्रीचं लिहिलेलं मसुद्यात ठेवा आणि सकाळी वाचून पाठवा. फोन लागला तर महत्त्वाचं आधी, कारण लाईन कधी जाईल याचा नेम नाही. शेजाऱ्यांच्या गमती शेवटी. कागदी पत्रांवर नंबर घाला: १, २, ३. ती हमखास उलटसुलट पोचतात, आणि नंबर नसेल तर तुमचं मिटलेलं भांडण त्याच्याकडे मिटल्यानंतर पोचतं.

तातडीच्या बातमीची वाट वेगळी असते, आणि ती आजच विचारून ठेवायची. त्याच्या तुकडीत कुटुंबांचा संपर्क कोण बघतं, त्यांचा रात्रीचा नंबर कोणता, बातमी कोण देऊ शकतं. एका कार्डावर त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, तुकडी, तो संपर्क नंबर, आणि तुमच्या डॉक्टरांचं व दवाखान्याचं नाव-फोन लिहा. तीन प्रती करा: एक तुमच्या पिशवीत, एक आईकडे, एक सासूबाईंकडे. बऱ्याच ठिकाणी बातमी पुढे पाठवण्याआधी दवाखान्यातून खातरजमा करतात आणि रुग्णाच्या संमतीशिवाय दवाखाना बोलत नाही. तिथे घोडं अडतं. तेव्हा माहिती कुणाला द्यायची याची लेखी संमती आधीच देऊन ठेवा. हे कार्ड फोटो काढून ग्रुपवर टाकायचं नाही. प्रार्थनेच्या ग्रुपवर तर जास्तच जपा: तिथे सगळे आपुलकीने विचारतात, तो कुठे आहे, कधी येणार, तुकडी कोणती. प्रार्थनेला त्याचं नाव पुरतं. जागा आणि तारीख देवाला ठाऊक आहे, बाकीच्यांना लागत नाही.

बाळंतपणात जवळ कोण थांबणार, हा मानापानाचा प्रश्न झालाय. तो कामाचा करा. आधी दवाखान्यात विचारा, किती जणांना सोडतात. शेवटपर्यंत एकच माणूस सतत जवळ असणं याचा फायदा चांगला तपासला गेलेला आहे: वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या, आणि अशी सोबत असलेल्यांच्या कळा थोड्या कमी वेळ चालल्या व नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनाही २०१८पासून बाईच्या पसंतीची सोबत असावी असं सांगते. बाईच्या पसंतीची, हे शब्द अधोरेखित करून दोन्ही घरांत वाचून दाखवा. निवड करताना विचार असा करा: रक्त पाहून कोण डगमगत नाही, कोण डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतं, आणि मध्यरात्री अर्ध्या तासात कोण पोचतं. जी उरेल तिला दुसरं काम द्या, आणि ते खरोखरचं असू द्या: फोन. हात धरणारी एक, फोन धरणारी दुसरी. एकीलाच दोन्ही दिलं की ऐन कळेत ती रेंज शोधत फिरते आणि तुमचा हात मोकळा पडतो. आमचा कल सांगायचा तर फोन सासूबाईंकडे असावा. लेकाला पहिली बातमी आई देईल, यात धुसफुशीची निम्मी हवा निघून जाते. पण हे त्यांना तुम्ही सांगू नका, त्याला सांगू द्या.

व्हिडिओ कॉल करायचा असेल तर परवानगी आधी घ्या, डॉक्टर-नर्स चित्रात येणार नाहीत अशा बेताने फोन तुमच्या डोक्याच्या बाजूला ठेवा, लांब वायरचा चार्जर न्या. कॉल लागला नाही तर बाळाचं पहिलं रडणं ध्वनिमुद्रित करा. त्याला बातमी जाईल ती याच क्रमाने: दोघं सुखरूप, वेळ, वजन, मग फोटो. नुसता फोटो आधी गेला की तो त्यात तुमचा चेहरा शोधत बसतो.

आता रजा. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच असतात. बाकीची पुढेमागे, आणि ३७ ते ४२ आठवडे हा सगळाच काळ शक्यतेचा. म्हणून तुकडीला तारीख न सांगता हा पाच आठवड्यांचा काळ सांगा. जन्माची बातमी मिळाल्यावर सुरू होणारी रजा देतात का, हे त्याने विचारावं. तसं नसेल आणि दिवस मोजकेच असतील, तर जन्माच्या क्षणावर जुगार खेळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रजा तारखेनंतर दोन-तीन आठवड्यांनी ठेवा. तोवर बाळ नक्की आलेलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ ओसरलेली असते, झोपेचं दिवाळं निघालेलं असतं, आणि त्याच वेळी आणखी दोन हात घरात आले तर त्यांचं मोल काही औरच. डॉक्टरांनी प्रेशरमुळे तारीख ठरवून प्रसूती करायचं सुचवलं, तर मात्र गणित बदलतं. ती तारीख त्याला त्याच दिवशी कळवा.

कळा पाच मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक मिनिटभर, असं तासभर चाललं की पहिलटकरणीने साधारणपणे निघायचं. पाणी गेलं, रक्त गेलं, किंवा सदतिसाव्या आठवड्याआधी कळा आल्या तर तासभर थांबायचं नाही.

आणि पुढच्या आठवड्यापासून, म्हणजे अठ्ठाविसाव्यापासून, बाळाची हालचाल मोजायला लागा. बाळ रोज जास्त हलतं ती वेळ धरा, खाऊन डाव्या कुशीवर पडा, घड्याळ बघा. दहा हालचाली व्हायला किती वेळ लागला तो लिहा. बहुतेकदा अर्ध्या तासात होतात. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा बाळ मंद वाटलं, तर त्याच वेळी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. “दिवस भरत आले की बाळ हलायचं कमी होतं” हे सर्रास सांगतात, ते खरं नाही; लाथेचा जोर बदलतो, संख्या नाही. तुमची दोन मिनिटांची प्रार्थना याच वेळेत बसवता येईल, तुम्ही तशाही शांत पडलेल्या असता. फक्त मोजणं संपल्यावर करा. आकडा कमी आला म्हणून प्रार्थना वाढवायची नाही, चप्पल घालायची.

बाळ त्याला ओळखेल का? चोविसाव्या आठवड्याच्या पुढे बाळाला आवाज जाणवायला लागतात, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज वेगळा ओळखतं. बापाच्या आवाजाबद्दल तेवढं सांगता येत नाही. नुकतंच जन्मलेलं बाळ बापाच्या आवाजाला इतर पुरुषांच्या आवाजापेक्षा जास्त पसंती देतं असं दिसलेलं नाही. तेव्हा पोटाला हेडफोन लावायची गरज नाही, तो आवाज आत उगाच मोठा पोचतो. तरीही त्याच्याकडून आवाजाची ध्वनिमुद्रणं मागवा, ती जन्मानंतर कामी येतात. दोन-तीन मिनिटांची, रोज तीच दोन-चार वाक्यं किंवा तेच अंगाईचं कडवं. दहा वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा एक गोष्ट दहा वेळा बाळाला लवकर ओळखीची होते. झोपवताना तेवढीच लावा. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणून त्याच्या चेहऱ्याचा मोठा, उजळ फोटो छापून घ्या आणि तेवढ्या अंतरावर धरून बोला. एक वर्षाच्या आत स्क्रीन नको म्हणतात, पण बापाशी समोरासमोर चाललेल्या व्हिडिओ कॉलला बालरोगतज्ज्ञांची हरकत नसते.

एक गोष्ट अनेक घरांत प्रेमाने केली जाते आणि ती धोक्याची आहे: बापाचा शर्ट किंवा शर्टाची बाहुली बाळाच्या पाळण्यात ठेवणं. पहिलं वर्षभर बाळ पाठीवर, सपाट कडक गादीवर, आणि भोवती काहीही नाही. सैल कापडाने नाक दबू शकतं. शर्ट तुमच्या उशाशी ठेवा. त्याची गरज तुम्हालाच जास्त आहे.

तो येईल तेव्हा बाळ चार महिन्यांचं असेल, ही वेळ सोयीची आहे. त्या वयात मूल जवळजवळ कुणालाही हसून दाखवतं. परकेपणाची भीती साधारण सहा-आठ महिन्यांपासून सुरू होते; परतायला उशीर झाला आणि तेव्हा बाळ रडलं, तर ते त्याला नाकारत नाही, वयाचं काम करतंय. त्याने झडप घालून उचलू नये. जमिनीवर बसावं, तुमच्याशी बोलत राहावं, बाळाला बघू द्यावं. मग तुमचा भाग, आणि तो अवघड आहे: तो लंगोट वाकडा बांधेल, तो सरळ करू नका. एक तास घराबाहेर जा. चार महिने तुम्ही रोज जे शिकलात ते त्याने दोन दिवसांत तुमच्या देखरेखीखाली शिकावं, ही अपेक्षा घरोघरी भांडण लावते.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, उगाच भरून येणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप येईना, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर डॉक्टरांकडे एडिनबरो प्रश्नावली मागा, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची. १९८७मध्ये तयार झालेली, दहा प्रश्नांची, पाच मिनिटांत भरून होते. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा. “देवाचं नाव घे, जाईल” असं म्हणणारे भेटतील. नाव घ्या, आणि डॉक्टरकडेही जा. तुम्ही “बरी आहे” म्हणणार हे ओळखून, तुमच्यातलं एक माणूस त्याने आत्ताच नेमावं, जे दर आठवड्याला घरी येऊन, दार लावून तुम्हाला विचारेल.

ता. क. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करतात. तुमची झाली नसेल तर याच आठवड्यात करा. काही प्रकारात रात्रभर उपाशी राहून यायला सांगतात. तेवढा उपवास धरा. आणि जन्मनोंदणीला बाप हजर नसेल तर कोणते कागद आणि कुणाची सही लागते, हे नोंदणी कार्यालयात आत्ताच विचारा. सहीचं अधिकारपत्र लागत असेल तर ते तिकडून यायला महिनाही लागतो. मुलाचं आणि मुलीचं, दोन्ही नावं त्याच्या अक्षरात लिहून मागवा, वेलांटी-उकारासकट.